मास्क कुणी घालत नाही, धूळ हटत नाही. सुरुवात कुठून करू?

भट्टीवाला_पक्या

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत ग्रे आयर्न फाउंड्रीत (लोखंड वितळवून वाळूच्या साच्यांत ओतायचा कारखाना) सुपरवायझर आहे. सत्तरेक माणसं, दोन शिफ्ट, एक इंडक्शन फर्नेस. मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणे), कोअर शॉप (साच्याचे आतले भाग), नॉकआउट (साचा फोडून ओतीव माल बाहेर काढणे), फेटलिंग (तो माल घासून साफ करणे) सगळं एकाच शेडमध्ये. मागच्या महिन्यात पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट झालं. आलेल्या मॅडमनी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "तुमचं रिस्क असेसमेंट दाखवा." मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. संध्याकाळी मालक म्हणाले, "पक्या, आजपास्नं सेफ्टी तुझ्याकडं." पगार तोच.

मग नेटवरून एक तक्ता उतरवला. धोका, शक्यता, तीव्रता, त्यांचा गुणाकार, आणि लाल-पिवळा-हिरवा रंग. दोन रात्री जागून भरला. धुळीपुढे लिहिलं 'मास्क देणे', आवाजापुढे 'इअरप्लग देणे', उष्णतेपुढे 'ताक देणे'. सगळा तक्ता हिरवागार झाला. दोनशे मास्क आणून वाटले. आठ दिवसांनी बघतो तर कुणाचा हनुवटीला, कुणाचा कपाळाला, एकाने त्यात तंबाखूची पुडी ठेवलीय. विचारलं तर म्हणतो, "सायेब, भट्टीपुढं हे घातलं की जीव गुदमरतोय. त्यापरास गूळ वाढवून द्या की."

(आमच्याकडे रोज प्रत्येकाला गुळाचा खडा मिळतो. धूळ पोटावाटे निघून जाते म्हणे. मालकांच्या वडिलांपासूनची पद्धत आहे.)

आता विचारायचं ते हे. धूळ नक्की किती आहे हे कसं कळणार? मोजून जास्त निघाली तर काय करायचं? आणि माणसांनी मास्क घालावा म्हणून तुमच्याकडे काय चाललं?

चहाबाज

पहिला नंबर माझा. बाकी 'पगार तोच' वाचून डोळे पाणावले.

कडकशिस्त

यात विचारायचं काय? मास्क नाही तर शंभर रुपये कट. हेल्मेटचं बघा, दंड सुरू झाला तसे लोक घालायला लागले. आपल्या माणसाला लाडीगोडी चालत नाही.

चहाबाज

@कडकशिस्त, कोल्हापुरात हेल्मेट घातलेला माणूस दिसला की लोक पत्ता विचारतात, पाहुणा समजून.

निवृत्त_निरीक्षक

मी कारखाने निरीक्षक होतो, तीस वर्षं शेड बघण्यात गेली. पक्याभाऊ, तुमच्या तक्त्यात एक मूळ घोळ आहे, आणि तो नव्वद टक्के तक्त्यांत असतो. तुम्ही धोका लिहिलात आणि त्याच्यापुढे लगेच उपाय लिहून मोकळे झालात. मधली पायरी गेली कुठे? ही धूळ निघते कुठून, कोणत्या कामात, कुणाच्या नाकात आणि किती तास? हे लिहिल्याशिवाय गुणाकार करून काय उपयोग. मास्क हा सगळ्यात शेवटचा उपाय, कारण तो कामगाराने रोज आठ तास न चुकता पाळायचा असतो. यंत्राला लावलेला पंखा तंबाखूची पुडी ठेवत नाही.

दुसरं. सत्तर माणसांचा कारखाना म्हणजे छोटा, आपल्याला काही लागू नाही असा मालकांचा समज असेल. १९४८ च्या कारखाने अधिनियमात भोपाळनंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रियांचं एक वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्या प्रक्रियांची यादी पहिल्या परिशिष्टात होती आणि फाउंड्री त्या यादीत नावानिशी होती. कलम ४१ग प्रमाणे... माफ करा, मराठी प्रतीतली अक्षरं आणि इंग्रजीतली यांत माझा नेहमी गोंधळ होतो, ४१-सी म्हणतो. त्यात कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी, नंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा, आणि त्या नोंदी कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत, असं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी धूळ काही कलम बघून आत जात नाही. तेव्हा आधी मोजा.

भट्टीवाला_पक्या

साहेब, मोजणी झालीय आमच्याकडे. दरवर्षी होते. फाइलमध्ये रिपोर्ट आहे, 'मर्यादेत' असं लिहिलंय.

निवृत्त_निरीक्षक

यंत्र कुठे ठेवलं होतं?

भट्टीवाला_पक्या

आत्ताच स्टोअरकीपरला विचारून आलो. ऑफिसच्या दाराशी, लिंबाच्या झाडाखाली. तिथं प्लग आहे म्हणून.

चहाबाज

झाडाची तब्येत उत्तम आहे असा रिपोर्ट आला म्हणायचा.

यारानदीकाठ

मेलबर्नहून. मी हेच काम करते, कामाच्या जागची धूळ आणि रसायनं मोजण्याचं. माहेर सांगलीचं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

पक्यादादा, झाडाखालची मोजणी ही बहुतेक प्रदूषण मंडळासाठीची असेल, म्हणजे आवारातली हवा. कामगाराच्या नाकाशी काय आहे ते त्यातून कळत नाही. त्यासाठी माणसाच्या पट्ट्याला छोटा पंप अडकवतात, त्याची नळी कॉलरपर्यंत, आणि कॉलरला एक सायक्लोन नावाची बोटाएवढी डबी. नाकातोंडापासून फूटभराच्या आत. पंप मिनिटाला साधारण दोन लिटर हवा ओढतो, डबीत जाड कण खाली पडतात आणि बारीक कण वरच्या गाळणीवर बसतात. पूर्ण शिफ्ट झाली की गाळणी लॅबमध्ये. तिथे वजन करतात आणि त्यात क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतलं स्फटिकरूप सिलिका, किती टक्के आहे ते काढतात. हे टक्के फार महत्त्वाचे. ते न काढता आलेला रिपोर्ट फाउंड्रीसाठी अर्धवटच.

भारतातली मर्यादा त्याच कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात सूत्राने दिली होती: १० भागिले (क्वार्ट्झचे टक्के अधिक २). उत्तर मिलिग्रॅम प्रति घनमीटर. समजा बारीक धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ निघालं. १० भागिले ३२, म्हणजे ०.३१. त्यातलं नुसतं क्वार्ट्झ धरलं तर ०.०९ च्या आसपास. इथे ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत मर्यादा ०.०५ आहे. तेव्हा आपल्या मर्यादेच्या काठावर 'पास' झालेली फाउंड्री इथे जवळपास दुपटीने नापास होईल. म्हणून रिपोर्टात 'मर्यादेत' हा शब्द वाचून थांबू नका, आकडा वाचा.

शून्यअंशी

०.०५ मिलिग्रॅम म्हणजे डोळ्यासमोर यावं असं काही सांगाल का? मिठाचा कण वगैरे?

यारानदीकाठ

शिफ्टभर माणूस साधारण दहा घनमीटर हवा घेतो असं धरतात. म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. चिमटीत धरता येणार नाही इतकं.

डॉ_खोकला

वरच्या ताईंचं उत्तर वाचून आमच्या ओपीडीतले चेहरे आठवले, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी गूळ. अन्ननलिका वेगळी, श्वासनलिका वेगळी. गूळ एका बोळात जातो, धूळ दुसऱ्या. डोळ्याला दिसते ती जाड धूळ नाकात आणि घशात अडकते, सकाळी काळ्या शेंबडातून निघून जाते. कामगाराला वाटतं गुळाने निघाली. जी आत जाते ती दिसतच नाही, काही मायक्रॉनची. ती थेट वायुकोशात उतरते. तिला गिळायला आलेल्या पेशी स्वतःच मरतात, आणि त्या मढ्यांवर व्रण धरत जातो. तो व्रण कुठल्याही औषधाने जात नाही. याला सिलिकोसिस म्हणतात. बहुधा दहा-पंधरा वर्षं काही जाणवत नाही, मग एक दिवस माणूस जिना चढताना मध्येच थांबतो.

गुळाच्या बाजूने बोलायचं तर १९९४ मध्ये लखनऊच्या औद्योगिक विषविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी उंदरांना गूळ देऊन बघितला होता आणि फुप्फुसातले कण जरा लवकर हलतात असं त्यांना दिसलं. पण उंदीर नॉकआउटवर पंधरा वर्षं ओव्हरटाइम करत नाही. गूळ द्या, उन्हातान्हात घाम गाळणाऱ्याला चांगलाच. फक्त तो तक्त्यात धुळीपुढे लिहू नका.

दुसरी गोष्ट आमच्याच जमातीची. खोकला, वजन कमी, एक्स-रेवर डाग, म्हटलं की आम्ही टीबीच्या गोळ्या सुरू करतो. सहा महिने झाले, फरक नाही, पुन्हा गोळ्या. सिलिकोसिस असलेल्याला टीबी लवकर धरतो हे खरं, त्यामुळे कधी दोन्ही असतात. पण 'काम काय करता?' हा प्रश्न किती डॉक्टर विचारतात? इटलीतल्या रामाझिनींनी तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. आम्ही आधार कार्ड विचारतो.

निवृत्त_निरीक्षक

डॉक्टर, आणि त्या अधिनियमाचं कलम ८९? तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस होता. असा रोगी दिसला तर कारखान्यातल्या कामगाराची माहिती डॉक्टरनेही मुख्य कारखाने निरीक्षकाला लेखी कळवायची असायची. नाही कळवली तर दंड.

डॉ_खोकला

हजार रुपयांपर्यंत होता. माहीत आहे. मी स्वतः आजवर दोनदा कळवलंय. दुसऱ्या वेळी कामगारच हात जोडून आला, "डॉक्टर, कागद मागं घ्या, मला घरी बसवतील." त्यानंतर मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

उद्यमनगरी

मी मालक आहे, चाळीस माणसांची फाउंड्री. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

ऑडिटवाल्या मॅडम येतात, तक्ता मागतात, फोटो काढतात. त्याच कंपनीचा खरेदीवाला दुसऱ्या दिवशी फोन करून किलोमागे दोन रुपये कमी करा म्हणतो. धूळ ओढायची यंत्रणा बसवायला जे लाखो रुपये लागतात ते कुणाच्या किलोमधून काढायचे? वर वीज. बॅग फिल्टरचा (कापडी पिशव्यांतून धूळ गाळणाऱ्या यंत्राचा) पंखा चालू ठेवला की बिल दिसतं, म्हणून ऑपरेटर बंद ठेवतो, आणि खरं सांगतो, मला ते माहीत असतं.

आणखी एक. कुणीतरी आता 'पाणी मारा' सांगणारच. सांभाळून. ओल्या जागेवर रस (वितळलेलं लोखंड) सांडला की वाफेचा स्फोट होतो. आमच्याकडे पावसाळ्यात ओलं भंगार फर्नेसमध्ये गेलं होतं, रस छताच्या पत्र्याला जाऊन चिकटला. तो थर अजून तिथेच आहे, मी मुद्दाम काढला नाही. नवीन पोरगा आला की वर बघायला सांगतो.

यारानदीकाठ

@उद्यमनगरी, अगदी बरोबर, पोअरिंगच्या (रस ओतायच्या) आणि फर्नेसच्या बाजूला पाणी नाहीच. नॉकआउटची थंड झालेली वाळू आणि मधली वाट, तिथे झाडण्याआधी हलका ओलावा चालतो. आणि सगळं लाखातच जातं असं नाही. पक्यादादा, तुमच्या नॉकआउटवर हूड, म्हणजे धूळ ओढायचं छत्र, आहे का? असेल तर किती उंच?

भट्टीवाला_पक्या

आहे. डोक्याच्या वर, चांगला चार फूट. मोठा घेतलाय, सगळं ओढावं म्हणून.

यारानदीकाठ

मग तो हूड धूळ कामगाराच्या तोंडावरून वर नेतो. माणूस ग्रिडवर (साचा फोडायच्या जाळीवर) वाकलेला, धूळ खालून निघते, पंखा वरून ओढतो, मध्ये त्याचं नाक. आणि ओढ फार लवकर मरते. पाइपच्या तोंडापासून पाइपच्या रुंदीएवढं अंतर गेलं की हवेचा वेग दहा टक्क्यांवर येतो. घरी व्हॅक्यूम क्लीनरची नळी गादीपासून वीतभर वर धरून बघा, कळेल. हूड बाजूला आणा, ग्रिडच्या मागच्या अंगाला, जमेल तितका जवळ, तीन बाजूंनी पत्रा किंवा रबराचे पट्टे. पंखा तोच राहिला तरी फरक पडेल.

मागावरचा_मुलगा

अवांतर करतो, इचलकरंजीचा आहे. धुळीवर सगळे बोलताय, आवाजाचं काय? माझे वडील चाळीस वर्षं मागावर. आमच्या घरात कुजबुज हा प्रकारच नव्हता. आई भाजीत मीठ जास्त पडलंय हेसुद्धा गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची. माग खात्यात माणसं ओठ बघून बोलतात, त्यामुळे बाबांना समोरून बोललं की सगळं कळतं आणि पाठ केली की काहीच नाही. आम्हाला वाटायचं लक्ष देत नाहीत. साठीला कानाची तपासणी केली तेव्हा कळलं लक्ष होतं, कान नव्हते.

कायद्यात आठ तासांना ९० डेसिबल ना? मग वर गेलं तर?

निवृत्त_निरीक्षक

दर ५ डेसिबलला वेळ निम्मा. ९५ ला चार तास, १०० ला दोन. ११५ च्या वर कानाला संरक्षण नसताना क्षणभरही नाही. मीटर नसेल तर ढोबळ खूण सांगतो: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का? लागत असेल तर मोजणी करायची वेळ आली. फेटलिंगमध्ये ग्राइंडरशेजारी उभे राहून करून बघा, पक्याभाऊ.

कडकशिस्त

इतकं सगळं लिहिलंत पण मास्कचं उत्तर कुणी दिलं नाही. मी अजूनही दंडावर ठाम.

फुंकणी

मी देते. गॅस कटिंग आणि वेल्डिंगच्या शॉपमध्ये होते. @कडकशिस्त, आमच्याकडेही दंड होता. त्याने एवढंच झालं की साहेब येताना दिसले की शिट्टी वाजायची आणि सगळे मास्क वर. आम्ही मग चार प्रकारचे मास्क आणून टेबलावर मांडले आणि माणसांना आठवडाभर घालून बघायला दिले. आयएस ९४७३ (धुळीच्या मास्कचं भारतीय मानक) लिहिलेलेच घेतले, मेडिकलमधले निळे पातळ नाही, ते धुळीला उपयोगाचे नसतात. झडप असलेला सगळ्यांनी उचलला, कारण आत घाम कमी. दाढीवाल्यांचं मात्र अडलं, कडेने हवा जाते. एकाने नवस फेडून झाल्यावर काढतो म्हणून सांगितलं. नवस दीड वर्षाचा होता.

आणि हो, पोअरिंगवाल्यांच्या अंगावर पॉलिएस्टरचे टी-शर्ट असतील तर ते आजच बंद करा. ठिणगी पडली की ते कातड्यावर वितळून बसतात. क्रिकेट क्लबचे फुकटचे टी-शर्ट असतात ना, तेच. जाड सुती कपडा परवडला. लेसचे बूटही नकोत, रस आत गेला तर काढेपर्यंत पाय जातो.

डोंबिवलीकर_पूर्व

तुम्ही कारखान्याच्या आतलं बोलताय. आम्ही बाहेर राहतो. २०१४ ला आमच्याकडे हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला. लोक म्हणाले डोंबिवलीत रंगपंचमी बारमाही. मग मे २०१६ चा स्फोट, मे २०२४ चा स्फोट. काचा आमच्या फुटल्या. आतली सुरक्षा आणि बाहेरचं पर्यावरण अशी दोन खाती सरकारने केलीत, भिंतीला ती माहीत नाहीत.

कॉलनीतली_वहिनी

+१००. मी फाउंड्रीच्या मागच्या कॉलनीत राहते (पक्याभाऊंची नसावी, असली तरी राग नाही). गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी पूड. तक्रार केली की सांगतात चिमणीचा रिपोर्ट चांगला आहे. एकदा मी आणि शेजारीण चालत मागे गेलो. चिमणी खरंच चांगली होती. पण बॅग फिल्टरमध्ये जमलेली बारीक धूळ आणि जळकी वाळू कंपाउंडच्या बाहेर ढीग करून ठेवलेली. वारं सुटलं की तीच आमच्याकडे. एवढी वीज जाळून पकडलेला चोर मागच्या दाराने सोडून द्यायचा!

उद्यमनगरी

वहिनी, हे आम्ही करतो. म्हणजे करायचो. आता ती पूड ओली करून पोत्यात बांधून ठेवतो, वाळू पेव्हर ब्लॉकवाला नेतो. सगळी नेत नाही.

भट्टीवाला_पक्या

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. तुम्ही सांगितलं ते थोडं थोडं केलं, त्यात एक भलतंच हाती लागलं, ते सविस्तर लिहितो.

निरीक्षकसाहेबांनी विचारलं होतं की धूळ कुठून, कुणाच्या नाकात, किती तास. मी तक्ता बाजूला ठेवला आणि आठ दिवस वेगवेगळ्या वेळी नुसता उभा राहिलो. आमच्या छताला एक पत्रा फाटलाय. संध्याकाळी साडेपाचला त्यातून उन्हाची तिरीप येते, थेट नॉकआउटच्या वाटेवर. एरवी शेड स्वच्छ वाटते. त्या तिरपेत बघितलं तर हवा नाहीच, नुसती पूड तरंगतीय. सोन्यासारखी चमकते.

मला वाटलं होतं सगळ्यात जास्त धूळ नॉकआउट चालू असताना. असतेच. पण शिफ्ट बदलताना, मशीन बंद झाल्यावर, ढग उठला तो त्याहून दाट. बघतो तर मावशी झाडू मारत होत्या. कोरडी वाळू, खराट्याने, वाकून. तोंडाला पदर. त्यांच्या पुढे एक पोरगा कॉम्प्रेसरची हवा मारून मशीनखालची वाळू बाहेर काढत होता, म्हणजे त्यांच्या अंगावरच. दोन्ही शिफ्टच्या मध्ये दीड तास, मग पुन्हा रात्री. हूडचा पंखा तेव्हा बंद, कारण 'प्रॉडक्शन बंद आहे'.

ऑफिसात जाऊन तपासण्यांची यादी काढली. सत्तरच्या सत्तर नावं. मावशी नाहीत. त्या सफाई ठेकेदाराच्या. अकरा वर्षं झाली येतायत. मास्क वाटले तेव्हा त्यांना दिला का, तर स्टोअरकीपर म्हणाला, "त्या आपल्या हजेरीवर न्हाईत की."

माझ्या तक्त्यात झाडणे हे कामच नव्हतं.

चहाबाज

यावर विनोद सुचत नाही.

निवृत्त_निरीक्षक

पक्याभाऊ, मालकांना दाखवायला एवढं नोंदवून ठेवा. कारखाने अधिनियमात कामगार कुणाला म्हणायचं त्याची व्याख्या कलम २(एल) मध्ये होती. थेट नेमलेला असो वा ठेकेदारामार्फत, आणि उत्पादनाच्या जागेची किंवा यंत्राची सफाई करणारा असो, तो कामगारच. सफाई हा शब्द त्यात स्पष्ट होता. 'आपल्या हजेरीवर नाहीत' हे उत्तर चालत नाही.

कॉम्प्रेसरची हवा आज बंद करा. याला पैसे लागत नाहीत.

यारानदीकाठ

तुमची उन्हाची तिरीप ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. आम्ही अंधारात जोरदार दिवा मागून लावतो आणि धूळ कुठून कुठे जाते त्याचं चित्रण करतो. तुमचा मोबाइल पुरे. साडेपाचला शूट करा आणि मालकांना दाखवा, तक्त्यापेक्षा लवकर पटेल.

इथे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी जो कृत्रिम क्वार्ट्झचा दगड येतो, तो कापणारी तिशीतली मुलं सिलिकोसिसने आजारी पडली, म्हणून १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने त्या दगडावरच बंदी घातली. पुण्यात भावाच्या सोसायटीत तोच दगड लिफ्टसमोर कोरड्या कटरने कापताना मी बघितला. कापणारा मुलगा पांढरा झाला होता, केसांपासून पापण्यांपर्यंत. भावाची तक्रार लिफ्ट घाण होते एवढीच.

शून्यअंशी

आमच्याकडे कालच बसवला तो ओटा. :( कापणाऱ्याला निदान पाणी तरी द्यायला हवं होतं. म्हणजे कटरवर.

कडकशिस्त

ठीक आहे, मावशींना दंड लावा म्हणणार नाही. पण ठेकेदाराला लावा.

डॉ_खोकला

मावशींचा छातीचा एक्स-रे काढा आणि फुंकून बघायची स्पायरोमेट्री करा. एक्स-रे व्यावसायिक आजार ओळखणाऱ्या डॉक्टरला वाचायला द्या, नाहीतर 'जुना कोक' (म्हणजे जुना टीबी) लिहून येईल. ठेकेदार ईएसआय (कामगार राज्य विमा) भरतो का तेही बघा, त्यात सिलिकोसिस व्यावसायिक आजार म्हणून धरलेला आहे. कागद नसतील तर पुढे सिद्ध करणं किती कठीण जातं बघा: गोध्र्याच्या क्वार्ट्झ कारखान्यांत काम करून गेलेल्या मध्य प्रदेशातल्या २३८ आदिवासी मजुरांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख देण्याचा आदेश २०१६ साली सुप्रीम कोर्टातून यावा लागला.

भट्टीवाला_पक्या

मावशींशी बोललो. चहाच्या टपरीवर, ऑफिसात नको म्हणाल्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फोटू काढल्यावर काम जाणार न्हाई न्हवं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मालकांकडे गेलो, व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा बघितला. म्हणाले, काम जाणार नाही, खराट्याऐवजी व्हॅक्यूम घेऊ, आणि एक्स-रेत काही निघालं तर त्यांना डिस्पॅचला पॅकिंगवर घेऊ, पगार तोच. लिहून द्या म्हटलं. जरा चिडले, पण दिलंय. मावशींना वाचून दाखवलं, त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवलं.

हूड बाजूला आणायचं काम फॅब्रिकेटरकडे दिलंय. हवा मारणं बंद, पण पोरगा अजून चोरून मारतो, नोजल काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. मेडिकल कॅम्प पुढच्या सोमवारी. आणि लॅबवाल्यांना सांगितलंय की यंत्र झाडाखाली नाही, माणसांच्या अंगावर पाहिजे. तीन पंप मिळतायत. एक नॉकआउटला, एक फेटलिंगला, एक मावशींना.

तेवढी एक शंका. मावशी साडी नेसतात. पंप आणि कॉलरची डबी लावायची कशाला?

फुंकणी

साडीवर पुरुषी शर्ट घालत नाहीत का त्या? कामावरच्या बायका घालतातच.

भट्टीवाला_पक्या

घालतात की! निळा, फुल बाह्यांचा. मुलाचा जुना असावा.

यारानदीकाठ

मग झालं. डबी शर्टाच्या कॉलरला, पदर तिच्यावर येणार नाही असा खोचायला सांगा. नळी पाठीमागून घ्या, झाडताना खराट्यात अडकायला नको. पंपाला वेगळा कापडी पट्टा द्या, कमरेच्या मागच्या बाजूला. आणि सुरू करायच्या आधी त्यांना पाच मिनिटं घालून चालू द्या, आवाज येतो थोडा, दचकतात.

भट्टीवाला_पक्या

पट्टा शिवून घेतो. मावशींनी आत्ताच विचारलंय, मोडला तर पैसे कापणार का.